ह्यांच्या गोळ्या, ह्याच्या गोळ्या

टिंबकाकांनी जन्मात एकच कुत्रा पाळला आणि तोही छपाईच्या चुकीमुळे. खरं म्हणजे चूक नव्हतीच. घोटाळा झाला तो तिथेच.

छत्तीस वर्षं एकाच छापखान्यात प्रुफं तपासून काकांची नजर अशी तयार झाली होती, की कुणाच्या निधनाची बातमी हातात आली तरी ते आधी ऱ्हस्व-दीर्घ बघत आणि मग कोण गेलं ते. एका टिंबावरून, म्हणजे अनुस्वारावरून, त्यांनी एका कवीशी सात वर्षं अबोला धरला होता. त्यावरूनच त्यांना टिंबकाका हे नाव पडलं. ते आदराने पडलं आहे अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडण्याचं पाप कोणी आपल्या माथी घेतलं नव्हतं.

तर डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी दिली आणि वर रोज तासभर चालायला सांगितलं. काका चार दिवस चालले. पाचव्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या बाकावर, पेपरातल्या चुका मोजताना सापडले. काकू म्हणाल्या, "तुम्ही आपणहून चालायचे नाही. तुम्हाला ओढणारं कोणीतरी हवं. त्या निवाऱ्यातून एखादा दांडगा तरुण कुत्रा आणा. त्याचंही भलं होईल आणि तुमचंही."

निवारा शहराबाहेर होता. टाकून दिलेल्या, हरवलेल्या, कोणाला नकोशा झालेल्या कुत्र्यांचा. ओळीने जाळीची दारं आणि प्रत्येक दारावर एक कार्ड. सगळे कुत्रे जाळीवर उड्या मारून काकांचं लक्ष वेधत होते आणि काका कार्डं वाचत होते. एका कार्डावर 'जंतनाशक दिले आहे' याऐवजी 'जंतुनाशक दिले आहे' असं छापलं होतं. म्हणजे फरशी पुसायचं औषध त्या बिचाऱ्याला पाजलं, असा अर्थ झाला. काकांच्या खिशातलं लाल पेन आपोआप बाहेर आलं.

बाराव्या दारावर लिहिलं होतं: 'साहेब. नर. वय ११ वर्षे.' काका मनाशी हसले. एकच अंक दोनदा पडणं हा धंद्यातला अगदी जुना दोष. अकरा वर्षांचा कुत्रा कोण कशाला ठेवील आणि कोण कशाला नेईल? त्यांनी त्यातला एक 'एक' खोडला आणि समासात खूण केली. मग आत पाहिलं. आत साहेब दोन्ही पाय जुळवून, दवाखान्यात आपला नंबर येण्याची वाट पाहणाऱ्या माणसासारखे बसले होते. उडी नाही, भुंकणं नाही. तोंडाभोवती पांढरे केस होते. काकांनी ती जातीची खूण मानली. एका डोळ्यावर निळसर झाक होती. ती दुर्मीळ मानली. उठताना साहेबांनी बराच वेळ घेतला, तेव्हा तर काका भारावूनच गेले. वर्षाच्या पोराला एवढा पोच!

निवाऱ्यातल्या ताईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, "काका, नक्की ना? साहेबच?"

"नक्की."

"फार मोठं मन लागतं हो त्याला." ताईंचे डोळे भरून आले. काकांना वाटलं, कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकाला इथे असंच म्हणत असतील. फॉर्मवर एक अट होती: पंधरा दिवसांच्या आत कुत्रा परत करता येईल, कारण लिहावे. वयाच्या रकान्यात पुन्हा तेच अकरा. काकांनी तेही दुरुस्त केलं आणि सही ठोकली. ताई डोळे पुसत एक पिशवी भरत होत्या, त्यामुळे त्यांचं लक्ष गेलं नाही. पिशवीत खाऊ असावा असं समजून काकांनी नको-नको म्हणत ती घेतली.

काकूंनी दार उघडलं. आधी साहेबांकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा साहेबांकडे.

"अहो, तुम्ही कुत्रा आणायला गेला होतात की मित्र?"

पिशवीतून खाऊ निघाला तो असा: हृदयाच्या गोळ्या, पाण्याच्या गोळ्या, सांध्यांच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हाताने लिहिलेला कागद. 'हृदयाचा आकार वाढलेला आहे. छातीत पाणी साठू देऊ नये. वय ११ (अक्षरी अकरा).' अक्षरी लिहिलेला आकडा छपाईची चूक नसतो, हे काकांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. 

"तुम्हाला ठाऊक होतं हे?" काकूंनी विचारलं.

इथे एखादा साधा माणूस 'चुकलो' म्हणून मोकळा झाला असता. पण छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून जगलेल्या माणसाला तो शब्द उच्चारायची सवय राहत नाही. काकांनी मान ताठ केली. "अर्थात. मुद्दामच आणला. तरुणांना काय, कोणीही नेतं."

काकूंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आपल्याबद्दल आदर दिसतोय असं काकांना वाटलं. झालं. आता मागे फिरायची सोय राहिली नाही. त्यांनी मनाशी हिशोब केला: पंधरा दिवस काढायचे, तेवढ्यात एखादं सन्माननीय कारण शोधायचं, आणि साहेबांना इभ्रतीने परत पोचवायचं.

पण संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत बातमी झाली. टिंबकाकांनी म्हातारा आजारी कुत्रा आणला, तोही मुद्दाम! समोरच्या वहिनींनी तर "माणसाची पारख अशा वेळी होते" असं म्हणून काकांना संकोचाने मारून टाकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी येऊन साहेबांना मागून-पुढून पाहिलं आणि "याचा विमा कोणी उतरवणार नाही" एवढं तज्ज्ञ मत देऊन चहा घेतला. ज्यांच्या घरात आजवर कधी मुंगीसुद्धा पाळली गेली नव्हती त्यांनीही सल्ले दिले. कोणी म्हणालं उकडलेलं अंडं द्या, कोणी म्हणालं अंडं बंद करा. काका सगळ्यांना हो म्हणत होते आणि मनातून दिवस मोजत होते.

खरी गोम होती पाण्याच्या गोळीत. साहेबांच्या छातीत पाणी साठू नये म्हणून ती सकाळ-संध्याकाळ द्यायची आणि ते पाणी मग दर दोन-तीन तासांनी दुसऱ्या वाटेने बाहेर पडायचं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "एवढं खाली-वर कशाला करता? बाल्कनीत जुने पेपर घाला. म्हातारा जीव आहे, करील तिथेच."

बाल्कनीत पेपर घातले. साहेब गेले, वास घेतला आणि पेपराकडे पाठ करून बसले. पेपर बदलून पाहिला. काकूंनी रोपवाटिकेतून हिरवळीचा तुकडा आणून परातीत ठेवला; साहेबांनी त्यातलं थोडं गवत खाल्लं. विमा एजंट म्हणाले, "त्याला कळत नाहीये. तुम्ही एकदा करून दाखवा." काकांनी हा सल्ला तिरस्काराने धुडकावला. मात्र त्या दिवशी दुपारी काकांच्या बाल्कनीचा पडदा पूर्ण ओढलेला का होता, याबद्दल ते आजही बोलत नाहीत.

साहेबांची पद्धत एकच. दोन-तीन तासांनी उठायचे, सावकाश चालत काकूंसमोर येऊन उभे राहायचे. आधी काकूंकडे बघायचे आणि मग दाराकडे. भुंकणं नाही, कुरकुर नाही. एवढं विचारून झालं की उत्तर मिळेपर्यंत तसेच उभे. कितीही वेळ लागो, घरात एक थेंब म्हणून नाही.

आणि घर तिसऱ्या मजल्यावर. उतरताना साहेब एकेक पायरी विचारपूर्वक उतरत. चढणं मात्र त्यांच्या सांध्यांना झेपत नव्हतं. लिफ्ट होती, पण तिच्यात पाटी होती: 'पाळीव प्राणी, गॅस सिलिंडर व ओले सामान लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई.' तिच्याखाली चेअरमनची सही. हे चेअरमन वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या दृष्टीने जगात दोनच गोष्टी होत्या, नियमात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या.

"अर्ज द्या," ते म्हणाले. "महिनाअखेर बैठक आहे. तिच्यात ठेवतो."

"आणि तोवर त्याने काय करायचं?"

"तोवर जिना आहे ना."

मग काकूंनी एक जुनी चादर काढली. साहेबांच्या पोटाखालून चादर घ्यायची, दोन्ही टोकं खांद्यावर आणि चोवीस किलोंचे साहेब पोटाशी धरून तीन मजले चढायचे. छापखाना दोन गल्ल्या पलीकडे होता, म्हणून काका दुपारीही दोनदा घरी येऊन हे काम करून जात. दिवसाला सहा फेऱ्या. डॉक्टरांनी तासभर चालायला सांगितलं होतं. काका आता त्याहून कितीतरी जास्त करत होते, तेही बोजा घेऊन. चढताना साहेबांचं तोंड त्यांच्या कानाशी असे आणि साहेब अतिशय संकोचाने श्वास घेत. काका तो श्वास मोजत आणि मजलेही मोजत. पहिल्या मजल्यावर त्यांना आपली चूक आठवे, दुसऱ्यावर काकूंची नजर आणि तिसऱ्यावर काहीच आठवत नसे.

कुत्र्याच्या परवान्याचं आणखी निराळं. नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पाहून भुवया चढवल्या. "वय अकरा? कुत्रा तीन महिन्यांचा असताना नोंदणी करायची असते. एवढी वर्षं काय करत होतात?"

"अहो बाई, आमची ओळख होऊन सहा दिवस झालेत."

"मग तसं लिहून द्या. विलंबाचं कारण, ओळख उशिरा झाली."

काकांनी लिहून दिलं. तेवढ्यावर थांबते तर काम झालं होतं. पण छापील फॉर्मवर 'धारकाचि सही' अशी वेलांटी चुकलेली दिसली आणि काकांचा हात राहिला नाही. शासकीय नमुन्यात खाडाखोड झाली म्हणून फॉर्म बाद. नवा फॉर्म, रांगेचं शेपूट, आणि पुन्हा तीच चुकलेली वेलांटी. या वेळी काकांनी डोळे मिटून सही केली. वेलांटी चुकलेली दिसत असून तशीच सोडायची, हे त्यांना जन्मात पहिल्यांदा जमलं, आणि ते एका कुत्र्यासाठी, याचं त्यांना घरी येईपर्यंत नवल वाटत होतं.

गोळी देणं हाही एक सोहळाच होता. पावाच्या तुकड्यात गोळी दडवली तर साहेब पाव शांतपणे खात आणि गोळी बशीच्या काठावर काढून ठेवत. चिकनच्या तुकड्यात दडवली तरी तेच. काकांना मनातल्या मनात दाद द्यावीच लागली. नको असलेला स्वल्पविराम तेही असाच अलगद बाजूला काढत. शेवटी काकू साहेबांसमोर बसल्या, गोळी तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "घे बाबा, तुझ्याच भल्याची आहे." साहेबांनी क्षणभर विचार केला आणि घेतली. तेव्हापासून ते समोर ठेवलेली गोळी मुकाट्याने घेत. लबाडीने दिलेली मात्र कधी घेतली नाही.

काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि साहेबांच्या पाण्याच्या गोळ्या, दोन्ही पांढऱ्या, बारक्या, मध्ये रेघ असलेल्या. गोंधळ नको म्हणून काकूंनी दोन डब्या केल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. नवऱ्याचं नाव लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. म्हणून एका डबीवर लिहिलं, 'ह्यांच्या गोळ्या'. आणि दुसरीवर, 'ह्याच्या गोळ्या'.

दहाव्या दिवशी सकाळी काका घाईत होते. एका निवृत्त प्राचार्यांच्या आत्मचरित्राचं शेवटचं वाचन त्या दिवशी होतं, आणि प्राचार्य स्वतः मोठ्याने वाचणार होते. काकांनी डबी उचलली, चिठ्ठी वाचली, गोळी घेतली आणि निघाले.

प्राचार्यांनी आईच्या मृत्यूचं प्रकरण वाचायला घेतलं आणि काका उठले. परत येऊन बसले. दीड पान झालं आणि पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा छापखान्याच्या मालकांनी डोळे वटारले. पण प्राचार्यांचा आवाज कापरा झाला. "राहू द्या," ते मालकांना म्हणाले, "त्यांना सहन होत नाहीये. बाहेर जाऊन डोळे पुसून येतात बिचारे." सहाव्यांदा काका आले तेव्हा प्राचार्यांनी उठून त्यांचे हात हातात घेतले. "असा वाचक मला आयुष्यात मिळाला नव्हता. आता शेवटचा भाग मात्र सलग ऐका. माझ्यासाठी."

शेवटचा भाग अठ्ठावीस पानांचा होता. काका एकदा उजवीकडे कलले, एकदा डावीकडे. त्यांनी पायावर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि डोळ्यांत खरंच पाणी आलं. एक जोडाक्षर चुकलेलं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्यांनी ते जाऊ दिलं. त्या पाऊण तासात काकांना जगात दुसरं काही नको होतं, फक्त एक दार हवं होतं.

वाचन संपलं, दार मिळालं, आणि त्यानंतर लगेच काकूंचा फोन आला.

"अहो, सकाळी कोणत्या डबीतली गोळी घेतलीत?"

"माझ्या."

"काय लिहिलं होतं डबीवर?"

"'ह्यांच्या गोळ्या'."

"त्यावर टिंब होतं का?"

निवाऱ्यात नसलेली चूक काढणारा हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात नसलेलं टिंब वाचून बसला होता. छापखान्यात हे कळलं असतं तर ती सात वर्षं न बोललेला कवीसुद्धा पेढे वाटत आला असता.

"तू सरळ 'साहेबाच्या' असं का नाही लिहिलंस?" काका म्हणाले.

"लिहिणार होते. म्हटलं, तुम्हाला त्या तुमच्याच वाटतील." काकू हसल्या नाहीत, यावरून त्या घाबरल्या होत्या हे काकांना कळलं. "मी तुमच्या डॉक्टरांना विचारलंय. एका गोळीने काही होत नाही, पाणी पीत राहा, गरगरलं तर आडवे व्हा. एकच घेतलीत ना? साहेबाला एका वेळी दोन असतात."

"दोन?"

"दोन. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन."

काका खुर्चीवर बसले. एका गोळीत त्यांची ही दशा झाली होती. त्यांचं वजन साहेबांच्या तिप्पट, आणि त्यांना दार उघडता येत होतं. साहेब दोन गोळ्या घेऊन, दुखऱ्या पायांवर, दाराशी उभे राहत आणि कोणी येईपर्यंत थांबत. भुंकत नसत. ओरडत नसत. काकूंचं धान्य निवडून व्हायचं असलं तर तेवढा वेळही थांबत. हे रोज. हे कळलं तेव्हा काकांना आपली लाज वाटली आणि त्या कुत्र्याबद्दल एवढा आदर वाटला, जेवढा छत्तीस वर्षांत एकाही लेखकाबद्दल वाटला नव्हता.

ते घरी आले ते बूटही न काढता जमिनीवर साहेबांसमोर बसले. "साहेब," ते म्हणाले, "मानलं तुम्हाला."

त्या दिवसापासून काका कुत्र्याला अहो-जाहो करू लागले. "उठता का? जरा डोळा वर करा, थेंब घालतो." काकू एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्यासुद्धा, "बत्तीस वर्षांत मला कधी अहो म्हणालात?" पण त्याही ऐकत असत. थेंब घालायची बाटली दिसली की साहेब आपणहून तोंड वर करत. खोकल्याची उबळ आली तर आधी तोंड भिंतीकडे फिरवत. जिन्यात चादरीत लटकताना प्रत्येक मजल्यावरच्या माणसाकडे मान किंचित लववून बघत. ज्या माणसांनी दार उघडून कधी काकांना विचारलं नव्हतं, ती आता साहेबांसाठी दार उघडून उभी राहत. काकांनी आजवर माणसांतल्या चुका पाहिल्या होत्या. साहेबांमध्ये त्यांना चूक सापडेना, आणि ते शोधत नव्हते हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

तेराव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर काकांच्या कमरेतून कट्ट असा आवाज आला. साहेबांना काकू आणि समोरच्या वहिनींनी वर आणलं आणि काकांना विमा एजंटांनी. चौदाव्या दिवशी काका हॉलमध्ये सतरंजीवर उताणे पडले होते. शेजारी साहेब तितकेच उताणे. तेवढ्यात निवाऱ्यातल्या ताईंचा फोन आला. काकांना फोनपर्यंत पोचता येत नव्हतं म्हणून काकूंनी तो मोठ्या आवाजावर लावला.

"काका, तुमचा फॉर्म संगणकावर चढवताना आज दिसलं. तुम्ही अकराचा एक केलाय. तुम्हाला वर्षाचा कुत्रा हवा होता का हो?"

"हो," काका छताला म्हणाले.

"सांगायचं ना!" ताई म्हणाल्या. "आमचीच चूक, मी नीट बोलायला हवं होतं. आमच्याकडे वर्षाची एक कुत्री आहे, ठणठणीत. उद्या आमची गाडी तिकडे येतेच आहे. तिला सोडते आणि साहेबाला परत नेते. काही वाईट वाटून घेऊ नका."

फोन बंद झाल्यावर काका म्हणाले, "तर आता तुला कळलंच."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मुद्दाम आणणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं बघू या, किती दिवस मुद्दाम सांभाळता ते."

मग दोघांनी शहाणपणाचं बोलणं केलं. काकांची कंबर गेलेली, काकूंचे गुडघे जायला आलेले. सहा फेऱ्या कोण करणार? लिफ्टचा निर्णय कधी होणार? शिवाय साहेबांचं हृदय. वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा. पुढचं दुःख कोणी मागून घ्यायचं? "शहाणपणाचं तेच आहे," काका म्हणाले. "हो, शहाणपणाचं तेच," काकू म्हणाल्या. एवढं एकमत त्यांच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. काकू पिशवी भरायला उठल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी नऊला गाडी आली. काका काठी टेकत उतरले, बरोबर काकू, आणि मागून साहेब पायरी-पायरीने. गाडीत ती वर्षाची कुत्री खिडकीवर नाचत होती. ताई खाली उतरल्या, मागचं दार उघडलं आणि साहेबांचा पट्टा घ्यायला हात पुढे केला.

त्याची गरजच पडली नाही. साहेबांनी गाडी पाहिली, थांबले. मग आपणहून चालत मागच्या दारापाशी गेले. एक पुढचा पाय गाडीच्या पायरीवर ठेवला आणि कोणी उचलून आत ठेवावं म्हणून उभे राहिले. मागे वळून पाहिलं नाही. काकूंकडे नाही, काकांकडे नाही.

"सवय आहे त्याला," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ही चौथी वेळ. पहिल्या वेळी फार ओढाताण केली होती त्याने. आता नाही करत."

काकांना वाटलं ओरडावं, रागवावं, पण कोणावर ते कळेना. त्या पहिल्या तिघांवर रागवावं, तर चौथे ते स्वतःच तिथे उभे होते.

"ताई, फॉर्म आणलाय?"

ताईंनी फॉर्म काढला. काकांनी तो गाडीच्या दारावर ठेवला, लाल पेन काढलं आणि स्वतःच खोडलेल्या 'एक'च्या खाली ओळीने टिंबं दिली.

"ही काय नक्षी?" ताईंनी विचारलं.

"आमच्या धंद्यातली खूण आहे. खोडलं ही माझी चूक होती, होतं तसंच राहू द्या, असा तिचा अर्थ." आपण 'माझी चूक' म्हणालो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. काकूंच्या मात्र आलं. "आणि त्या पोरीसाठी दुसरं घर बघा."

"तिला काय, आठवड्यात कोणीही नेईल," ताई म्हणाल्या, आणि पहिल्या दिवसासारखेच डोळे पुसू लागल्या.

काका साहेबांना उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. कंबर पुढेही जाईना आणि मागेही येईना. त्याच स्थितीत त्यांना चेअरमनचे बूट दिसले. चेअरमन किती वेळ तिथे होते कोणास ठाऊक.

"अर्जावर अजून निर्णय झालेला नाही," चेअरमन म्हणाले. मग खाकरले. "परंतु रुग्णाला लिफ्ट वापरता येते. रुग्णाबरोबर कोण आहे, हे मी बघत नाही." आणि लिफ्टचं दार उघडून, पाटीकडे पाठ करून ते उभे राहिले.

असे ते वर आले: काका काटकोनात, काकू एका हाताने काकांना आणि दुसऱ्या हाताने पट्टा धरून, आणि मध्ये साहेब. लिफ्टमध्ये साहेब काकांच्या बुटावर जरासे टेकून उभे होते. त्यांना बहुधा अजून नीटसं खरं वाटत नसावं. घराचं दार उघडल्यावरही ते उंबऱ्यापाशी थांबले, आणि काकूंनी "ये रे" म्हटल्यावरच आत आले.

आत आल्यावर त्यांनी पाण्याचं भांडं निम्मं केलं. सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली. मग हॉलच्या मधोमध, काकांच्या सतरंजीवर येऊन उभे राहिले. काकूंनी सवयीने चादर उचलली आणि दाराकडे वळल्या. पण साहेब दाराकडे बघत नव्हते. काकूंकडेही बघत नव्हते. त्यांनी पाय जरा फाकवले आणि तिथल्या तिथे, अगदी सावकाश, कसलीही घाई न करता मोकळे झाले. बराच वेळ. मग दोन पावलं बाजूला होऊन, एक मोठा सुस्कारा टाकून आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ओघळ सतरंजीवरून काकांच्या बुटापर्यंत आला. काका वाकलेलेच असल्यामुळे त्यांना तो अगदी जवळून दिसत होता.

"अहो," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आज ह्याने विचारलं नाही."

"आपल्याच घरात कोण विचारतं?" काका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, म्हणून त्यांनी मोठ्याने फडकं मागितलं.